जमिनीखालचे जंगल

हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करायचा असेल तर झाडे लावा, असे आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून सरकारी फलकापर्यंत सगळीकडे लिहिलेले असते. सल्ला चुकीचा नाही, पण नाशिक जिल्ह्यात तो जसाच्या तसा पाळला तर पैसा जातो, माणसांची मेहनत जाते आणि हवेतला कार्बन बहुतेक जिथल्या तिथे राहतो. या जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे सह्याद्रीचे तालुके आहेत. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघाले की दीडशे किलोमीटरच्या आत येवला आणि नांदगाव येते, आणि पाऊस पाचशेच्या आसपास उतरतो. घाटमाथ्यावरचे दाट रान, साग-ऐनाची पानगळीची जंगले आणि काळविटांची माळराने असे सगळे एकाच जिल्ह्यात असताना त्यांच्यासाठी खड्डा खणून रोप लावणे हे एकच औषध कसे चालेल? या जिल्ह्यात जंगलाच्या मार्गाने हरितगृह वायू कमी करायचे असतील तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे काम नवी झाडे लावण्याचे नाही. उभे आहे ते जंगल जळू न देणे, तुटलेल्या झाडांच्या खुंटांना वाढू देणे, आणि ही राखण ज्यांच्या हातात आहे त्या गावांना तिचा हक्क व मोबदला देणे, हे ते काम आहे. पुढची सगळी मांडणी या एका म्हणण्याच्या समर्थनासाठी आहे.

आधी हिशेबाची भाषा पक्की करू. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ निम्मा वाटा कार्बनचा असतो. एक टन कार्बन जळाला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एक किलो कोरडे लाकूड चुलीत गेले की सुमारे पावणेदोन किलो वायू हवेत जातो. जंगल वाढताना हीच क्रिया उलट्या दिशेने चालते. एवढे बहुतेकांना माहीत असते. जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की जंगलातला कार्बन प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या झाडांत नसतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत सुमारे ७२८ कोटी टन कार्बन साठलेला आहे आणि त्यातला सुमारे ५५ टक्के मातीत आहे. गळलेली पाने, कुजलेली मुळे, वाळवीने आणि बुरशीने खाल्लेले लाकूड यांतून शेकडो वर्षे साठत आलेला हा साठा आहे. उताराची जमीन उघडी पडली आणि पहिल्या वळिवाने वरचा काळा थर नदीला नेला, की तो साठा तुटतो आणि त्यातला बराच भाग कुजून हवेत जातो. वर कितीही रोपे लावली तरी तो भरून यायला कित्येक दशके लागतात. म्हणून डोंगरावर यंत्राने चर खणून, झुडपे साफ करून केलेली लागवड सुरुवातीची काही वर्षे कार्बन शोषण्याऐवजी सोडतच असते. लागवडीच्या जाहिरातीत हा आकडा कधी दिसत नाही.

आता पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या उजाड दिसणाऱ्या टेकडीकडे जवळून पाहू. उन्हाळ्यात ती पार बोडकी वाटते. खाली वाकून पाहिले की जागोजाग गुडघ्याएवढे, कुऱ्हाडीचे जुने-नवे घाव बसलेले खुंट दिसतात. साग, ऐन, धावडा, तिवस. एकेका खुंटाच्या वरचे लाकूड दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी मनगटाएवढे झाले की तोडून नेलेले असते. कोवळे फुटवे शेळ्यांनी खाल्लेले असतात, उरलेले वणव्यात होरपळलेले असतात. पण जमिनीखालची मुळे जुनी असतात, अनेकदा तिथे हयात घालवलेल्या माणसापेक्षाही जुनी. ती खडकाच्या भेगांत खोल गेलेली असतात आणि त्यांच्यात अन्नसाठा असतो. मृगाचा पाऊस पडला की सागाच्या खुंटातून निघालेला फुटवा एका हंगामात माणसाच्या उंचीएवढा होऊ शकतो. शेजारच्या खड्ड्यात लावलेले रोपवाटिकेतले रोप त्याच हंगामात जेमतेम मूळ धरते, आणि दिवाळीनंतर पाणी आटले की त्याची खरी परीक्षा सुरू होते. एका खुंटावरचे दहा-बारा फुटवे छाटून दोन-तीन जोमदार ठेवले, गुरे दूर ठेवली आणि चार उन्हाळे वणवा येऊ दिला नाही, तर त्या टेकडीवर न लावलेले जंगल उभे राहते. वनखात्याच्या भाषेत याला नैसर्गिक पुनरुत्पत्तीला साहाय्य म्हणतात. या कामाला रोपवाटिका लागत नाही, टँकर लागत नाही, लागते ती राखण. आणि राखणीचा फोटो काढता येत नाही, हीच तिची मोठी अडचण आहे.

फोटो निघतो तो लागवडीचा. महाराष्ट्रात २०१६ साली १ जुलैला दोन कोटी रोपांचा संकल्प झाला. पुढे २०१७मध्ये चार कोटी, २०१८मध्ये तेरा कोटी आणि २०१९मध्ये तेहेतीस कोटी असे आकडे चढत गेले. या मोहिमांत हजारो विद्यार्थी, शिक्षक, जवान, महिला बचत गट मनापासून राबले आणि त्यांच्या कष्टाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती मोजमापाच्या रीतीविषयी. किती खड्डे भरले हे पहिल्या दिवशी कळते, किती झाडे उभी राहिली हे दहा वर्षांनी, आणि तेव्हा मोजायला क्वचितच कोणी जाते. जिथे असे मोजमाप काळजीपूर्वक झाले तिथले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. हिमाचल प्रदेशात अनेक दशके झालेल्या सरकारी लागवडीचा उपग्रहचित्रांच्या आधारे केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. लागवडीमुळे वृक्षछत्रात मोजण्याजोगी वाढ झाल्याचे त्यात दिसले नाही आणि गावकऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या झाडांचे प्रमाणही वाढलेले नव्हते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर जागेवर दहा टक्के छत्र असले की ते वनाच्छादन धरले जाते, मग ती आमराई असो, निलगिरीची रांग असो की देवराई. त्यामुळे डोंगरातले जुने जंगल विरळ झाले आणि खाली बागा वाढल्या, तरी कागदावर बेरीज जुळते. कार्बनची बेरीज मात्र जुळत नाही.

लागवडीच्या आग्रहातून होणारे सर्वांत मोठे नुकसान जिल्ह्याच्या पूर्वेला आहे. येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूर परिसरात काळविटांसाठी संवर्धन राखीव आहे. तिथले माळरान ही उजाड पडलेली, झाडांची वाट पाहणारी जमीन नाही. पाचशे मिलिमीटर पावसाच्या उथळ मातीत हजारो वर्षे टिकलेली ती एक पूर्ण व्यवस्था आहे. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या गवतांचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वरचे गवत जळले किंवा गुरांनी खाल्ले तरी तो खाली सुरक्षित राहतो. अशा जागी ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावली तर मातीतले पाणी संपते, गवत जाते, काळवीट आणि माळढोकाच्या जातकुळीतले पक्षी जातात, मेंढपाळाची चराई जाते, आणि दुष्काळात रोपे मेली की सगळेच गेले. केंद्र सरकारच्या हरित क्रेडिट योजनेत २०२४ साली हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. ती येवल्याच्या माळाला लावणे किती अनर्थकारी ठरले असते, हे कोणताही धनगर सांगू शकेल. ऑगस्ट २०२५मध्ये या योजनेची पद्धत बदलली. आता पाच वर्षांनी किती झाडे जगली आणि छत्र किमान ४० टक्के झाले का, हे पाहिले जाणार आहे. जगलेल्या झाडांना महत्त्व आले ही सुधारणा खरी, पण ४० टक्के छत्र हे त्र्यंबकच्या डोंगराचे माप आहे, नांदगावच्या माळाचे नाही.

मग लागवड कुठेच करू नये काय? तसे म्हणणे आडमुठेपणाचे होईल. जिथे खुंटही उरलेले नाहीत, माती खरवडली गेली आहे किंवा खाणीने डोंगर कापला आहे, तिथे झाडे लावावीच लागतील. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५पासून देशी झाडांची देवराई उभी करायला घेतली. तिचे वेगळेपण लागवडीच्या दिवसात नाही. त्यानंतरची वर्षे पाणी घालणे, वणव्यापासून राखणे आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणे हे काम सुरू राहिले, यात ते आहे. मात्र अशा लागवडीच्या जोरावर उभी झाडे तोडण्याचा परवाना मागितला जातो तेव्हा हिशेब उलटतो. २०२५च्या अखेरीस तपोवनातल्या कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशिकमध्ये मोठे आंदोलन झाले. तेव्हा तोडलेल्या झाडांच्या अनेकपट नवी लावू, असे उत्तर देण्यात आले. पन्नास वर्षांच्या वडाच्या किंवा चिंचेच्या बुंध्यात साठलेला कार्बन तोडीनंतर काही वर्षांत हवेत जातो, आणि दहा रोपांनी तो परत आणायला कित्येक दशके लागतात, तीही सगळी जगली तर. हवामानाच्या दृष्टीने पुढची वीस-पंचवीस वर्षेच सर्वांत निर्णायक आहेत. त्या काळात घेतलेले कर्ज पुढच्या पिढीने फेडावे असा हा व्यवहार आहे.

जंगल राखायचे म्हणजे पहिल्यांदा वणवा थांबवायचा. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात फेब्रुवारी ते मे हा वणव्याचा काळ. आकाशातल्या विजेने लागलेला वणवा या भागात विरळा. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले टिपायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, गवताला नवा कोंब यावा म्हणून डोंगर पेटवला जातो, शेताच्या बांधावरची आग सुटते. वणव्यात पानगळीची मोठी झाडे सहसा मरत नाहीत, म्हणून त्याचे नुकसान कमी लेखले जाते. पण त्यात नवे फुटवे आणि बियांतून उगवलेली रोपे मरतात आणि मातीवरचे पांघरूण जाते. शिवाय धुमसत्या आगीतून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवलेले गवत कार्बन डायऑक्साइड परत घेईल, पण हे दोन वायू परत घेणार नाही. दरवर्षी जळणारे जंगल त्यामुळे म्हातारे होते आणि त्याला वारस राहत नाही. आग अडवणाऱ्या जाळरेषा वेळेवर, म्हणजे गवत पुरते वाळायच्या आत काढणे, मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरून फुले गोळा करण्याची सोय करणे, आणि गावातल्याच दोन-चार तरुणांना तीन महिने आगीवर नजर ठेवण्याचे वेतन देणे या तीन गोष्टींचा खर्च एका लहानशा रोपवनापेक्षा कमी येतो.

राबाचा प्रश्न याहून नाजूक आहे. भात, नागली आणि वरईची रोपे तयार करण्यासाठी उन्हाळ्यात जमिनीच्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर झाडांची तोडलेली टहाळ, मग पालापाचोळा आणि गवत, आणि वर मातीचा पातळ थर घालून ते हळूहळू भाजतात, हाच राब. तण मरते, राख मिळते, रोप जोमाने येते. कोकणा, महादेव कोळी, वारली शेतकऱ्यांनी ही पद्धत अज्ञानातून धरलेली नाही. उतारावरच्या नापीक जमिनीत ती काम करते. ठाणे-कुलाब्याच्या लोकांच्या तक्रारींवरून १८८५ साली मुंबई इलाख्यात वन आयोग नेमावा लागला, त्यातही राबाची टहाळ तोडण्याचा हक्क हा मोठा वादविषय होता. म्हणजे बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. पर्याय दिला तर मात्र सुटतो. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख आणि खाचरात ग्लिरिसिडियाचा हिरवा पाला वापरतात. नेरळजवळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पसरवलेल्या पद्धतीत तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी तिन्ही गाळून गादीवाफ्यावर थेट टोकण होते. ज्या ग्लिरिसिडियाने डोंगरावरच्या देशी झाडांची जागा अडवली, तीच शेताच्या बांधावर लावली तर ऐनाची टहाळ वाचवते. झाड तेच, जागा बदलली की गुण बदलतो. नागलीसाठी असे बिनराबाचे तंत्र अजून तितक्या खात्रीने शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही, आणि कृषी विद्यापीठांनी ते जंगलाचे काम म्हणून अंगावर घ्यायला हवे.

सरपणाबाबतही बोट लगेच मोळी वाहणाऱ्या बाईकडे जाते. थोडे गणित करू. एका घराला रोज सहा किलो लाकूड लागते असे धरले तर वर्षाला दोन टनांहून थोडे अधिक होते. वाढत्या पानगळी जंगलात हेक्टरी वर्षाला चार टन कोरडे लाकूड-पाला तयार होतो असे समजले, तर साधारण अर्ध्या हेक्टराची वाढ एका चुलीला पुरते आणि शंभर घरांच्या पाड्याला पंचावन्न हेक्टरांची. तेवढ्या मर्यादेत काढलेले सरपण हवेत नव्या कार्बनची भर घालत नाही, कारण जळालेले पुढच्या वर्षी परत उगवते. जंगल खराब होऊन वाढ हेक्टरी एका टनावर आली की त्याच शंभर घरांना दोनशे हेक्टरही पुरत नाहीत, आणि मग खुंट खणण्यापर्यंत पाळी येते. गुन्हा सरपणाचा नसतो, वाढीपेक्षा काढ जास्त होण्याचा असतो. २०१६ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पाड्यांवर सिलिंडर पोहोचले, पण पुन्हा भरून आणण्याचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला जड जातो, त्यामुळे चूल थांबली नाही. भरलेल्या सिलिंडरचा काही भाग वनसंरक्षणाच्या निधीतून दिला, तर तो थेट फुटव्यांच्या वाढीत परत येईल.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो. जंगल तर या लोकांनीच तोडले, वनपट्ट्यांनीच डोंगर बोडके केले. मग राखण त्यांच्याच हाती कशी द्यायची? आक्षेपात तथ्याचा अंश आहे. नांगरलेल्या उतारांवरून माती वाहून जाते हे खरे, आणि हक्क मिळण्याच्या आशेने काही ठिकाणी नवी तोड झाली हेही खरे. पण पूर्ण चित्र पाहिले पाहिजे. पलीकडच्या डांगचे जंगल इंग्रजांनी १८४२ साली जहाजांच्या सागासाठी भाडेपट्ट्याने घेतले. थळ घाटातून रेल्वे आली तेव्हा रुळांखाली लाकूड लागले. १८७८च्या कायद्याने रान राखीव झाले, आणि त्यानंतर तिथल्या माणसाला त्यात जे काही करायचे ते चोरून करणे भाग पडले. चोरून तोडणारा माणूस मनगटाएवढेच झाड तोडतो, कारण मोठे होईपर्यंत ते आपल्याला मिळेल याची त्याला खात्री नसते. ही खात्री देणे हा २००६च्या वनहक्क कायद्याचा गाभा. १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या कसणुकीला त्याने मान्यता दिली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की मार्च २०१८मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस पायी चालत गेले. त्यांची मुख्य मागणी वनजमिनीच्या दाव्यांचीच होती. ज्या दाव्याचा निकाल लागलेला नाही तो तुकडा कसणारा माणूस तिथे आंबा-काजूची वाडी लावत नाही, बांध घालत नाही, तो दरवर्षी नांगर फिरवून ताबा दाखवत राहतो. म्हणजे दावा लांबवणे हाच जमीन उघडी ठेवण्याचा मार्ग ठरतो. निकाल लावून पट्टा दिला आणि वर फळझाडांची वाडी उभी करायला मदत केली तर त्याच उतारावर कार्बन साठतो. पेठ-सुरगाण्यात अशा वाड्या उभ्या आहेत.

गावाने राखले तर काय होते याचे उत्तर शोधायला नाशिकपासून दूर जावे लागत नाही. बागलाणच्या हद्दीला लागून धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका आहे आणि त्यात बारीपाडा. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या पाड्याने नव्वदच्या दशकात सुमारे साडेचारशे हेक्टर उजाड रान राखायला घेतले. तोडीला दंड ठरला, चराईवर बंधन आले, राखणीच्या पाळ्या लागल्या. मोठी लागवड झाली नाही, खुंटांतून आणि मुळांतूनच रान परत आले. विहिरींना पाणी टिकले, दुसरे पीक निघू लागले आणि मजुरीसाठी बाहेर जाणे घटले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. हे एका असामान्य माणसाचे यश आहे, सगळीकडे असे पुढारी कुठून आणणार, असे यावर म्हटले जाते. पण नेपाळात अठरा हजारांहून अधिक सामूहिक वनांचा अभ्यास २०१९ला प्रसिद्ध झाला, आणि व्यवस्थापन गावांकडे गेल्यावर जंगलतोडीत ३७ टक्के आणि गरिबीत ४.३ टक्के सापेक्ष घट झाल्याचे त्यात आढळले. अठरा हजार गावांत अठरा हजार असामान्य माणसे नसतात. नियम गावाने केलेला, फायदा गावाला मिळणारा आणि बाहेरच्याला हाकलण्याचा अधिकार गावाकडे, एवढे असले की साधी माणसेही राखण करतात. सगळीच जागा गावाच्या ताब्यात गेली पाहिजे असेही नाही. नाशिकजवळचे बोरगड हे २००८ साली जाहीर झालेले राज्यातले पहिले संवर्धन राखीव आहे. तिथे वनखाते, निसर्गप्रेमी संस्था आणि पायथ्याचे गाव एकत्र आले आणि साडेतीनशे हेक्टरांचा डोंगर हिरवा राहिला.

राखणे म्हणजे कधीच न तोडणे, असा एक समज पर्यावरणाच्या कळवळ्यातून तयार होतो. तोही तपासून पाहावा. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. अठराव्या शतकातल्या त्या वाड्याच्या लाकडी खांबांत आणि तुळयांत जो कार्बन आहे, तो अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या हवेतला आहे आणि अजून बाहेर पडलेला नाही. पक्क्या झालेल्या झाडाचे लाकूड इमारतीत, दारा-खिडक्यांत गेले आणि त्याच्या खुंटातून नवा फुटवा वाढू दिला, तर साठा दोन ठिकाणी वाढतो. शिवाय तेवढे सिमेंट किंवा लोखंड वाचले तर त्याचा धूरही वाचतो. तेच लाकूड कागदाच्या लगद्यात किंवा भट्टीत गेले तर काही वर्षांत हवेत परत. तेव्हा वनखात्याच्या कार्य आयोजनेत तोडीचा कूप किती हेक्टरांचा धरला याबरोबर लाकूड कुठे गेले याचीही नोंद हवी. देवराया, नदीउगमाचे ब्रह्मगिरीसारखे डोंगर आणि घाटमाथ्यावरची दाट राने मात्र या हिशेबातून पूर्ण बाहेर ठेवावीत. तिथला माती-पाण्याचा साठा कोणत्याही तुळईपेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर आकड्यानेच दिले पाहिजे. एवढे करून किती वायू कमी होणार? नाशिक शहराच्या कुशीत एकलहऱ्याचे ६३० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. ते साठ टक्के क्षमतेने चालले असे धरले तर वर्षाला सुमारे ३३० कोटी युनिट वीज होते, आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ३३ लाख टन. वाढते जंगल हेक्टरी वर्षाला सात टन शोषते असे उदार गणित केले तरी एकट्या एकलहऱ्याच्या धुराला पावणेपाच लाख हेक्टर लागतील, म्हणजे साडेपंधरा लाख हेक्टरांच्या जिल्ह्याचा जवळपास तिसरा हिस्सा. शिवाय जंगल पक्के झाले की त्याची वाढ मंदावते, कोळसा मात्र जळतच राहतो. यावरून जंगल निरुपयोगी ठरत नाही. जंगलाच्या नावावर कोळसा खपवता येत नाही, एवढेच ठरते. जगभरातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातून येतात. तो भाग कमी करायला जंगलच राखावे लागेल, आणि उरलेला भाग कमी करायला चिमण्याच विझवाव्या लागतील. म्हणूनच कारखान्याने धूर तसाच ठेवून आदिवासी गावाकडून कार्बन क्रेडिट विकत घेण्याच्या करारांकडे सावधपणे पाहायला हवे. अशा करारात गाव वीस-तीस वर्षे हात बांधून घेते, आणि मोजणारा, दलाल व खरेदीदार तिघेही गावाबाहेरचे असतात. जो तोडण्याचा धोकाच नव्हता तो टाळल्याचे दाखवून क्रेडिट विकल्याची प्रकरणे अन्य देशांत उघडकीस आली आहेत. गावाला पैसे जरूर मिळावेत, पण ते राखणीची मजुरी म्हणून, सरकारी निधीतून. दुसऱ्याच्या धुराची पावती फाडून मिळालेले नकोत.

हा निधी नाही असेही नाही. वनजमीन प्रकल्पांना देताना जमा होणारा भरपाई वनीकरणाचा पैसा २०१६च्या कायद्याने राज्यांकडे येतो. त्यातला मोठा वाटा आज रोपवनांवर जातो. हेक्टरामागे खड्डे मोजण्याऐवजी पाच वर्षांनी किती फुटवे मनगटाहून जाड झाले, किती उन्हाळे वणव्याविना गेले आणि मातीतला सेंद्रिय कार्बन वाढला का, या तीन मोजमापांवर तो पैसा ग्रामसभेच्या खात्यात द्यायला काहीच आडकाठी नसावी. मोजायला वनरक्षक आणि गावातला एक शिकलेला मुलगा पुरतो. टेप, रंगाचा डबा आणि वही एवढेच सामान लागते, फक्त मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

आडकाठी आहे ती एका ठिकाणी, आणि ती कायद्याच्या मजकुरात आहे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. त्यात बांबू, तेंदू, मोह, हिरडा येतात, सागाचे इमारती लाकूड येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला आणि बांबूच्या राखणीला तिथे अर्थ आला. सुरगाणा-पेठच्या डोंगरात राखायचा आहे तो प्रामुख्याने साग. पंचवीस-तीस वर्षे ज्या खुंटाचे फुटवे गावाने सांभाळले त्याच्या लाकडात गावाचा वाटा किती, हे राज्य शासनाने ग्रामसभेबरोबर लेखी करारात आजच ठरवावे, आणि तोडीच्या वेळी नवी वाटाघाट करण्याची मुभा वनखात्याने स्वतःकडे ठेवू नये.